पो लुइनची अर्धी पुडी

हे घडलेलं आहे. ज्या वहीत ते नोंदलंय, ती वही यिन मोकडे आहे.

मंडाले. एप्रिलचा दुसरा आठवडा, मंगळवार, दुपारी एक वाजून पाच मिनिटं.

वहीतली पहिली ओळ अशी : दगड चार. घण चार. पाण्याचं भांडं एक, त्यात तळाला भोक पाडलेली करवंटी एक. माणसं दोन.

दोन म्हणजे यिन मो आणि तिचा भाऊ थुरेन.

यिन मो रसायनशास्त्र शिकलेली. शहरातल्या कारागिरांच्या जागांची यादी करायचं काम तिला वाचनालयाने दिलं होतं. बाहुल्यांचं नाट्यगृह झालं, पितळेच्या मूर्ती ओतणारे झाले, संगमरवर घडवणारे झाले. सोन्याचा वर्ख कुटणारे तिने शेवटी ठेवले होते. घरचेच म्हणून.

"लिही," थुरेन लुंगी खोचत म्हणाला. "मंडालेतला सगळ्यात देखणा वर्खवाला."

"घामट, असं लिहिलंय."

तो हसला. पण त्याची नजर दुसऱ्या दगडाकडे जात नव्हती.

त्या दगडावर हरणाच्या कातड्यात बांधलेली, सोन्याच्या पानांची एक पुडी होती. पो लुइनची.

सात दिवसांपूर्वी पो लुइन, तिथलाच एक वर्खवाला, त्या दगडापाशीच घण उचलता उचलता खाली बसला, तो उठलाच नाही. हृदय बंद पडलं. पाण्यावर ठेवलेली करवंटी भरून बुडाली की तीन मिनिटं झाली; शेवटच्या कुटाईला अशा शंभर करवंट्या लागतात. त्याच्या एक्केचाळीस बुडल्या होत्या.

अर्धी पुडी त्याच दिवशी दुसऱ्याने पुरी करायची, नाहीतर सोडून सोनं वितळवायचं, हा तिथला रिवाज. पण त्या दिवशी कोणाचा हात धजला नाही. मान राखायचा म्हणून पुडी तशीच बांधलेली राहिली.

आज सातवा दिवस. सकाळी पो लुइनच्या घरी भिक्षूंचं जेवण झालं. त्याच्या नावाने संध्याकाळी बुद्धमूर्तीला वर्ख चढवायचा, तोही याच पुडीतला, असं त्याच्या बायकोने मागितलं.

थुरेनने घण उचलला.

"बेचाळीस," तो मोठ्याने म्हणाला. आणि सुरू झाला.

यिन मोने घड्याळ लावलं. करवंटी एकशे ऐंशी सेकंदांत बुडली. घाव एकशे अडतीस.

पुढची. एकशे ऐंशी सेकंद. घाव एकशे सदतीस.

त्याची सातवी... घाव एकशे एकवीस.

बारावी... एकशे दोन.

"दादा, दमलास का?"

"छे! नेहमीसारखाच मारतोय की."

पुढच्या प्रत्येक करवंटीला, त्याच्या सत्तेचाळिसाव्या करवंटीपर्यंत, एकशे दोनच. ना एक कमी, ना एक जास्त.

घण वर जाऊन क्षणभर थांबत होता. थुरेनचा घण कधीच थांबत नसे.

तिला वाटलं, आपलीच मोजणी चुकतेय. तिने डोळे मिटले आणि नुसत्या आवाजावर मोजलं.

दोनशे चार.

तिने डोळे उघडले.

घण एकच होता. बाकीचे तीन भिंतीला टेकलेले.

पुन्हा डोळे मिटले. ठक्... आणि त्याच्या पोटात, जरा बसका... ठक्.

दोघे मिळून एक पुडी कुटतात, तसा.

मग थुरेनने डावा पाय उचलून जरा मागे घेतला. जोडीदाराला जागा द्यायला घेतात, तसा.

"कोणाला जागा देतोयस?"

"अं?"

"थांब, दादा. आत्ताच्या आत्ता थांब!"

दारात वर्ख कापणाऱ्या मा सेन मावशी उभ्या होत्या. पो लुइनकडून आवरून त्या नुकत्याच आल्या होत्या. त्या थुरेनकडे बघत राहिल्या. त्यांच्या हातातलं ताट कललं.

"हा तर पो लुइनचा हात," त्या हळूच म्हणाल्या. "असाच मारायचा. सावकाश."

"मावशी, त्याला थांबवा ना!"

"एकदा अर्धी राहिली त्याचं हे झालं, पोरी. दुसऱ्यांदा सोडायची? आणि मग हा कोणाच्या ताब्यात राहील?"

यिन मोने भावाचा दंड धरला. त्याने तो सहज सोडवला... तिच्याकडे न बघता.

"नऊच राहिल्यात," तो म्हणाला.

नऊही झाल्या. शंभरावी करवंटी बुडाली, त्याने घण ठेवला आणि लगेच जांभई दिली.

मावशींनी पुडी सोडली. एकही पान फाटलं नव्हतं. असा वर्ख वर्षभरात निघाला नव्हता, म्हणाल्या. पो लुइनची बायको तो कपाळाला लावून रडली आणि घेऊन गेली.

"बघ, उगाच घाबरलीस," थुरेन म्हणाला. "भूक लागलीय. चहाच्या पानांची कोशिंबीर आण, शेंगदाणे जास्त घालून."

बोलणं त्याचंच होतं. हसणंही.

तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. एप्रिलची दुपार, तीन तास घण...

पाठ कोरडी होती. आणि गार.

तिने त्याचं मनगट धरलं, घड्याळ लावलं. मग दवाखान्यात नेलं. तिथल्या बाईंनी यंत्र बदलून पुन्हा पाहिलं आणि विचारलं, चक्कर येते का? थुरेन म्हणाला, नाही. छान वाटतंय.

याला आता तीन आठवडे झाले. तो रोज कामाला जातो. घरात कोणी त्याला जायला सांगत नाही, जाऊ नको असंही म्हणत नाही. यिन मो रोज पहाटे, तो उठायच्या आधी, त्याच्या उशाशी बसून नोंद करते.

आजची नोंद : सकाळी सहा. नाडी, मिनिटाला चौतीस. करवंटीला एकशे दोन.