सात विहिरी

"माझ्या बहिणीला सुनेनं विष घातलं," अप्पाराव म्हणाले.

१९७९चा उन्हाळा. जालन्यात खाजगी तपास करणाऱ्या धर्मराज खरातांच्या खोलीत पंखा गरगरत होता. अप्पारावांनी तो बंद करायला लावला. खरातांचे सोबती वसंता मास्तर यांनी पाणी पुढे केलं, तर "घसा धरलाय" म्हणत पेला दूर सारला.

लहानपणी देवीच्या रोगाने या बहीणभावांचा एकेक डोळा नेला होता. दीड महिन्यापूर्वी नेत्रदानातून बुबुळं मिळाली, एकाच दिवशी दोघांवर शस्त्रक्रिया झाली. गिरिजाबाईंना दिसू लागलं, आणि परवा त्या गेल्या.

"सुनेच्या हातचं पाणी पाहून किंचाळत होती. आणखी काय पुरावा पाह्यजे? उद्या फौजदाराकडं जातो."

मास्तरांना पटलं. त्यांना सगळंच जल्दी पटतं.

सून बेबीनंदा रडून सुजली होती. "दुसऱ्या कुणी पेला नेला तरी आत्याबाई तशाच थरथरायच्या. पण माझं कोण ऐकून राह्यलंय?"

शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर म्हणाले, "डोळे टेंभुर्णीच्या पुंजारामचे. तो मेंदूज्वरानं गेला. बुबुळं स्वच्छ होती."

टेंभुर्णीला पुंजारामची विधवा तुळजाबाई म्हणाली, "मी काई कमी केलं न्हाई. संक्रांतीला सात विहिरींत डोकवून आणल्तं त्यांना."

"नवस असेल," परतताना मास्तर म्हणाले. खरात पुन्हा डॉक्टरांकडे गेले.

दुसऱ्या दिवशी खरातांनी अप्पाराव आणि बेबीनंदाला समोरासमोर बसवलं.

"नवस नव्हता, मास्तर. कुत्रं चावलं की सात विहिरींत डोकवायला नेतात. विहिरी झाल्या, चावणं मिटलं! म्हणून तुळजाबाई बोलल्या न्हाईत, अन् डॉक्टरांनी विचारलं न्हाई. मेंदूज्वर कसला? कुत्रं पिसाळलेलं होतं. त्याचंच विष बुबुळातून गिरिजाबाईंच्या अंगात गेलं. काल सांगितलं तेव्हा डॉक्टर पांढरे पडले. पाण्याची अन् वाऱ्याची भीती ही त्याच रोगाची खूण. सून बिलकुल निर्दोष आहे."

बेबीनंदा हमसून रडली. मास्तरांना हायसं वाटलं.

खरातांना नाही. ते खालच्या आवाजात म्हणाले, "अप्पाराव, पुंजारामला डोळे दोन होते."

अप्पारावांनी बंद पंख्याकडे पाहिलं. मग बेबीनंदाकडे वळले.

"चुकलो पोरी. तुझ्या हातचं पाणी दे मला."

तिने पेला भरून आणला. अप्पारावांनी दोन्ही हातांनी धरला. पाणी हिंदकळलं, गळ्याच्या शिरा ताठल्या.

पेला ओठांपर्यंत आलाच नाही.