सावळगडचा दरवाजा

सावळगडच्या तटांवर पहाट उतरली ती धुक्याची घोंगडी पांघरूनच. पायथ्याच्या मोगली छावणीतल्या शेकोट्या विझत आल्या होत्या आणि महिनाभर धडधडणाऱ्या तोफा आज मुक्या होत्या. ती शांतताच महादरवाज्याचा नाईक धारोजी गोळे याला खुपत होती.

किल्लेदार हणमंतराव आदल्या दिवशी तहाच्या बोलण्यासाठी छावणीत उतरले होते. आता त्यांचीच पालखी वीसेक मावळ्यांसह धुक्यातून वर आली.

"धारबा, तह झाला. दरवाजा उघड."

पोरक्या धारोजीला याच माणसाने पोटाशी धरून वाढवले, हाती तलवार दिली, लग्न लावून दिले. त्याचा हात आपसूक अडसराकडे गेला. पण पालखीभोवतीचे चेहरे अनोळखी होते, आणि शाल सावरताना रावांच्या छातीवर मोगलांनी मानाने दिलेल्या कोऱ्या खिलतीची, त्या पोशाखाची जर लकाकली. धारोजीने हात अडसरावरून मागे घेतला.

"सरकारांनी एकट्याने आत यावं. दिंडीचं छोटं दार उघडतो. माणसं बाहेर राहतील."

"मला अटी घालतोस? कोणाचं मीठ खाल्लंस, विसरलास?"

"विसरलो नाही, सरकार. पण घेऱ्यातल्या गावांची बायकापोरं या दाराच्या भरवशावर आत निजली आहेत. त्यांना काय सांगू?"

हणमंतरावांची मान क्षणभर खाली गेली. मग ते हळूच म्हणाले, "त्यांना कोणी हात लावणार नाही. तसा शब्द मिळालाय."

म्हणजे सौदा झाला होता! धारोजीने डोळे मिटले आणि सारे बळ एकवटून तो गरजला, "गनीम! सोडा धोंडे!"

बुरुजावरून धोंडे गडगडले, बंदुका कडाडल्या, मावळ्यांच्या वेशातले मोगली हशम उतारावर कोसळले. धुके विरले तेव्हा दारापुढे मोडकी पालखी होती, आणि तिच्याखाली हणमंतराव.

पावसाळ्याच्या तोंडावर वेढा उठला. राजांच्या हुजुरातून चौकशी येणार असे कळताच रावांच्या पत्नी सगुणाबाई धारोजीच्या घरी आल्या.

"नाईक, ती खिलत तुम्हीच पाहिलीत. स्वारी फितूर ठरली तर लेकरांचं वतन जाईल. तुम्हीही त्यांचंच लेकरू ना?"

चौकशीत धारोजीने पाहिले तेवढे सांगितले. वतन जप्त झाले. धारोजीला बक्षीस म्हणून सोन्याचे कडे आले. नाकारणे बेअदबी ठरली असती, म्हणून त्याने ते हाती चढवले.

सगुणाबाई लेकरांसह गड सोडून निघाल्या त्या दिवशी दरवाजा त्यानेच उघडला आणि खाली वाकून मुजरा केला. बाई थबकल्या.

"दार नीट लावून घ्या, नाईक," एवढेच बोलून, मागे न पाहता, त्या पायऱ्या उतरून गेल्या.