राक्षसांची विचारपूस

लिफ्ट बंद पडली तेव्हा मी राक्षसाच्या आवाजात बोलत होते. हे आधीच सांगून टाकते, कारण डिलन ही गोष्ट चारचौघांत सांगताना इतका मीठमसाला लावतो की माझीच मला लाज वाटायला लागते.

झालं असं की रविवारची दुपार होती, ऑक्टोबरचा उकाडा होता, आणि मी हाटकेशला आरोहीच्या बिल्डिंगमध्ये गच्चीवरच्या खोलीत निघाले होते. काखेत नकाशांची गुंडाळी, हातात फाशांचा डबा. लिफ्टमध्ये दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी घसा खरवडून सराव करत होते – "कोण आलंय रे माझ्या गुहेत? हाडं फोडून खाईन..." आणि खाडकन दिवा गेला, पंखा थांबला, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये लटकली. मी बेल दाबली. डोक्यावरच्या फटीतून एक शांत आवाज आला.

"आत किती जण आहेत?"

"एकच."

"मग तो हाडं खाणारा कोण?"

मी डोळे मिटून घेतले. "तोही मीच."

वर काहीतरी खणखणलं. मग तोच आवाज, तितकाच शांत – "बरं. दोघांनाही काढतो. घाबरू नका."

दार उघडलं तेव्हा माझ्या नाकासमोर त्याचे बूट होते. त्याने खाली वाकून हात दिला, ग्रीसने काळा झालेला, पण घट्ट. मी वर आले ती घामाघूम, केस विस्कटलेले आणि वैतागलेली. तो लिफ्ट कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर, डिलन, त्या दिवशी तिथे दुरुस्तीलाच आलेला. समुद्राकाठच्या उत्तनचा. हसला नाही हे विशेष. उलट अगदी मनापासून विचारलं की ते नक्की काय चाललं होतं.

मग मी त्याला एका दमात सांगून टाकलं. आमचा एक खेळ असतो. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. प्रत्येक जण एक पात्र होतो – कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी जादूगार. मी गोष्ट चालवते, मला गेम मास्टर म्हणतात. ते काय करणार ते ते सांगतात, जमलं की नाही ते फासे ठरवतात. आणि त्यांना वाटेत जे जे कोणी भेटतं, राजा, भूत, म्हातारी, राक्षस, ते सगळे मी.

"सगळ्यांचे आवाज तुम्ही काढता? एकट्या?"

इतक्या आदराने आजवर मला कोणी काही विचारलं नव्हतं. ऑफिसात मी विम्याचे क्लेम नाकारायचे फोन करते, तिथे लोक मला वेगळंच काहीतरी विचारतात. मी हसले. तेवढ्यात आरोही जिना उतरून मला शोधत आली, तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सांगून टाकलं की आमचा एक गडी पुण्याला गेलाय, पुढच्या रविवारी ये. आरोही माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिला नाही म्हणायची सोय नसते.

आणि तो आला! उत्तनहून, चर्चमधून थेट, इस्त्रीचा निळा शर्ट, साबणाचा वास, हात पांढरेस्वच्छ. माझ्या बरोबर समोरच्या खुर्चीत बसला.

आता थोडी स्वतःची स्तुती करते. टेबलावरची अवघड माणसं सांभाळणं हा माझा हातखंडा. यतीन होता, तो प्रत्येक गोष्टीवर नियमाचं पुस्तक उघडायचा आणि खेळ तिथेच अडकायचा. दिपेश होता, त्याची पाळी आली की मोबाइलमधून डोकं वर काढून विचारायचा, आपण कुठे आहोत? नवखे गेम मास्टर अशा वेळी त्यांच्या पात्रावर वीज पाडतात नाहीतर सगळ्यांसमोर आवाज चढवतात. मी तसलं काही करत नाही. मी त्याला एकट्याला चहाला बोलावते, गोडीत घेते, आणि कुठे चुकतंय ते तोंडावर सांगते. यतीन सुधारला, दिपेश सुधारला. फक्त त्यापायी एक झालं की आमच्यात 'क्षितिजा चहाला बोलावतेय' म्हणजे नोटीस असं सगळे धरून चालायला लागले.

आणि मग डिलन. अहो, हा माणूस कोणाला मारायलाच तयार नाही! किल्ल्याच्या दारावर पहारेकरी दिसला की बाकीचे तलवारी उपसायचे, आणि हा विचारायचा, ड्युटी कधी सुटते रे तुझी? बोळात एक छोटा राक्षस अंगावर आला, तर याने त्याला खाली बसवून विचारलं, तुझी आई कुठे असते? राक्षसाला आई असेल असा विचारच मी केला नव्हता. तिथल्या तिथे घडवावी लागली. तिचे गुडघे दुखतात असंही सांगितलं. मग गुडघ्यांवर काय लावतात यावर त्याचं नि माझं बोलणं सुरू झालं, आणि आरोहीची योद्धी बोळाच्या तोंडाशी ताटकळत उभी.

खरं सांगू? मला आवडायचं. तो टेबलावर कोपरं टेकून पुढे झुकायचा, माझ्याकडे एकटक बघत प्रश्न विचारायचा, आणि मी फाशांचा हिशोब विसरायचे. घरी भाईंदरला तयारी करताना लढाया मागे पडल्या. मी लोकच तयार करत बसायचे – हा काय विचारेल, याला काय सांगू...

शेवटी व्हायचं ते झालं. त्या रविवारी सगळ्यांना नदी ओलांडायची होती. मी होडीवाली झाले. डिलनने तिची नदी विचारली, घर विचारलं, तिच्या तिन्ही बहिणींची नावं विचारली. मग जरा थांबून हळूच –

"आणि तुझं लग्न झालंय?"

होडीवालीने ठसक्यात उत्तर द्यायला हवं होतं. मी हातातले फासे उगीच डब्यात टाकले. कानाच्या पाळ्या तापल्या. "नाही," मी म्हटलं, आणि तो आवाज होडीवालीचा नव्हता हे सगळ्यांना कळलं.

खेळ संपल्यावर आरोहीने मला जिन्यात गाठलं. तिचं म्हणणं सरळ होतं. यतीनला चहा पाजलास, दिपेशला पाजलास, मग याला का नाही? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं? चार रविवार झाले, तिची तलवार म्यानातून बाहेर आलेली नाही. याला सांग, नाहीतर आम्ही तिघं पुढच्या वेळेपासून येत नाही. आणि ती चिडून नाही, दुखावून बोलत होती. तेच मला जास्त लागलं.

ती बरोबर होती, हीच तर पंचाईत. हे टेबल मी जमवलं होतं. आठवडाभर लोकांच्या शिव्या खाऊन मी रविवारपर्यंत तग धरते ती त्या खोलीच्या जिवावर. डिलनला सांगितलं नाही तर टेबल मोडणार. सांगितलं आणि तो दुखावून गेला तर... इथे माझं डोकं चालायचंच थांबायचं. कुठल्याही बाजूने बघितलं तरी काहीतरी माझ्या हातून जाणारच होतं.

मी आमच्या खेळाच्या ग्रुपवरच लिहिलं – डिलन, शनिवारी चहा घेऊ या? खाली यतीनने हात जोडलेलं चित्र टाकलं. दिपेशने लिहिलं, भावा, धीर धर.

काशीमीऱ्याच्या नाक्यावर, गॅरेजच्या रांगेत एक टपरी आहे, तिथे भेटलो. सकाळपासून माझ्या पोटात अन्नाचा कण नव्हता. तो माझ्या आधी येऊन बाकड्यावर ताठ बसला होता.

"बोल," तो म्हणाला. "यतीनने सांगितलंय मला, चहाला काय होतं ते."

मी पाठ केलेलं बोलून टाकलं. तू चांगला खेळतोस. पण तू भेटेल त्याच्याशी बोलत बसतोस आणि बाकीच्यांची पाळी येत नाही. ते कंटाळतात. टेबल सगळ्यांचं असतं. मधेच एक ट्रक हॉर्न देत गेला आणि 'कंटाळतात' मला ओरडून परत सांगावं लागलं, ते फारच वाईट ऐकू आलं. डिलन खाली मान घालून ऐकत होता.

"बरोबर हाय तुझं," तो म्हणाला. एरवी आमच्यासारखं बोलणारा डिलन मनातून हलला की घरच्या बोलीवर येतो. "मग मी येत न्हाय उद्यापासून."

"अरे, येऊ नकोस असं कुठे म्हटलं मी? थोडं कमी बोल, एवढंच."

"ते न्हाय जमायचं."

"का नाही जमायचं?"

त्याने ग्लास हातात फिरवला. चहा केव्हाच निवला होता. "त्या राक्षसाच्या आईशी मला काय करायचंय, क्षितिजा? तिचे गुडघे दुखले काय, न्हाय दुखले काय. खेळ संपला की तू भराभर सामान भरतेस आणि दिपेशच्या स्कूटरवर मागे बसून निघून जातेस. मला तू तेवढीच मिळतेस... खेळात. म्हणून जो भेटेल त्याच्याशी बोलत राहतो."

मी सगळ्याची तयारी करून गेले होते. तो वाद घालेल, रुसेल, उठून जाईल, प्रत्येकाला माझ्याकडे उत्तर होतं. हे मी धरलंच नव्हतं. घाबरून मी नको ते केलं, म्हाताऱ्या चेटकिणीच्या आवाजात म्हणाले, "मूर्खा, आधी का नाही बोललास..."

"ही नको," तो म्हणाला. "हिच्याशी बोलून झालंय माझं. तू बोल."

मला शंभर आवाज येतात. माझा स्वतःचा काही केल्या सापडेना. मी बाकड्याची कड पकडली, त्याच्या शर्टाच्या बटणाकडे बघितलं, मग धीर करून डोळ्यांकडे.

"मला तू आवडतोस," मी म्हटलं. "खूप आवडतोस. आणि तू टेबलावर फार वेळ खातोस. दोन्ही खरं आहे."

तो हसला, आणि हसता हसता त्याचे ताठ खांदे खाली आले. माझाही जीव भांड्यात पडला. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. त्याने सांगून टाकलं की उद्या समोर दिसेल त्याच्यावर आरोहीच्या आधी तो तलवार चालवणार, नाव-गाव न विचारता.

"आणि बाकीचं सगळं तुला विचारू? इथे, बाहेर?"

"विचार."

"आत्तापासून?"

"आत्तापासून."

त्याने बाकड्यावर कोपर टेकलं, माझ्याकडे झुकला, बराच विचार केला आणि विचारलं, "जेवलीस का?"

नाही, मी म्हटलं, आणि म्हणताक्षणी अशी सडकून भूक लागली की मला हसूच आलं. तो शेजारच्या गाडीवर भुर्जीपाव सांगायला उठला. तेवढ्यात आरोहीचा फोन. तिच्याने राहवलं नसणारच.

"ऐकलं का त्याने?"

"ऐकलं."

"कमी बोलणार ना मग?"

मी समोर बघितलं. डिलन तव्यापाशी उभा राहून गाडीवाल्याला सांगत होता, तिखट कमी घाला, तिने सकाळपासून काही खाल्लेलं नाहीये. 'सकाळपासून' हे मी त्याला सांगितलंसुद्धा नव्हतं.

"तुमच्यासमोर," मी म्हटलं.

पलीकडे आरोहीने एक लांब श्वास सोडला. "एकदाचं झालं बाई," ती म्हणाली. "सुटलो आम्ही."