शिंप्याच्या भिंतीवरच्या कोंबड्या

"माझ्या कोंबड्यांना रात्री घरी न जाऊ देणारा माणूस मला ठाऊक आहे. तुम्ही फक्त ते सिद्ध करा," मावशी खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाल्या.

त्या काळी गुप्तहेरबाईंचं ऑफिस सायकलच्या दुकानावरच्या माडीत होतं. जिना चढून आलेल्या माणसाला तिथे आधी पाणी मिळे, मग प्रश्न. बाईंनी पेला पुढे सरकवला. मावशींचा हात आधी शेजारी टेबलावर पडला, मग पेल्यावर. भुवईवरची खोक नुकतीच भरून आली होती.

"नीट सांगा."

"दिवसभर कोंबड्या मोकळ्या फिरतात. दिवस मावळला की आपणहून खुराड्यात जायच्या. मला नुसती कडी लावायची. आता दारापर्यंत जातात नि माघारी फिरतात. उडून शेजारच्या शिंप्याच्या भिंतीवर बसतात. रानमांजरानं दोन उचलल्या."

"खुराड्यात साप, पिसवा?"

"माझ्या भावानं सगळं उपसून पाहिलं. वायरमन आहे, माझ्याकडेच राहतो. सगळे त्याला फ्यूजच म्हणतात."

"आणि शिंप्यावर संशय का?"

"त्याच्या भाजीच्या वाफ्यावरून आमचं वाजलंय. परवा तो लेकीकडे गेला होता, आणि नेमक्या त्याच संध्याकाळी सगळ्या मुकाट आत. आणखी काय पुरावा हवा?"

"बिनतोड आहे," पोस्टमास्तर म्हणाले. बाईंचे हे मावसभाऊ निवृत्तीनंतर प्रत्येक तपासाला सोबत असत, आणि पहिल्याच साक्षीदाराचं त्यांना पटत असे.

"उद्या सकाळी व्यापाऱ्याची गाडी येणार आहे," मावशी म्हणाल्या. "मांजराच्या तोंडी एकेक देण्यापेक्षा सगळ्या विकून टाकते. मग काय, रिकामं खुराडं आणि मी."

बाई उठल्या. "म्हणजे आपल्याला आजची संध्याकाळ आहे. चला."

खुराडं मागच्या अंगणात होतं. चांगलं लाकडी, स्वच्छ. पोस्टमास्तरांनी उन्हात वाकून आत पाहिलं. बसायची दांडी, पेंढा, एक अंडं. भानगड काहीच नाही.

शेजारी शिंपी गळ्यात टेप घालून काज करत बसला होता.

"मी घाबरवतो त्यांना? ती भिंत बघा जरा."

त्याच्या खिडकीवरची भिंत शिटांनी पांढरी झाली होती.

"पहाटे तो कोंबडा माझ्या डोक्यावर बोंबलतो. टाळ्या वाजवल्या, पाणी उडवलं. मेल्या हलत नाहीत. उलट आणखी सरकून बसतात."

"खुराड्यापाशी काय करतात, पाहिलंत कधी?"

"रोजच पाहतो. दारात मान लांब करून आत बघतात, आणि मागे सरतात. जसं काही आत कुणी बसलंय."

"बसलं असेल का?" पोस्टमास्तरांनी हळूच विचारलं.

"तुम्ही पाहिलंत ना मघाशी," बाई म्हणाल्या.

फ्यूज उन्हं उतरता उतरता कामावरून आला. पिशवी ठेवली, हातपाय धुवायच्या आधी बटण दाबलं. खुराड्याच्या छपरावरचा दिवा अंगणभर लख्ख पडला.

"मीच बसवलाय," तो म्हणाला. "ताई पायरीवर आपटली, कपाळ फुटलं, त्याच आठवड्यात. आता सुई पडली तरी सापडेल."

"रोज लावता?"

"एक दिवस चुकवत नाही. परवा तेवढा राहिला. गल्लीची तार तुटली होती, मी खांबावर लटकलेलो."

बाईंनी शिंप्यालाही बोलावून घेतलं. तो कुंपणापाशीच उभा राहिला. कोंबड्या आल्या, दारात थबकल्या, माना लांबवल्या, मागे सरल्या.

"पोस्टमास्तर, आत बघा."

ते वाकले. "काही दिसत नाही. काळंकुट्ट."

"हेच त्यांना दिसतं," बाई म्हणाल्या. "शिंपीबुवांची भीती असती, तर त्या झोपायला त्यांच्याच खिडकीवर गेल्या असत्या का? परवा ते नव्हते, हे खरं. पण परवा वीजही नव्हती. मावशींनी एकच गैरहजेरी मोजली, दुसरी राहून गेली. बाहेरचा उजेड हळूहळू उतरला की कोंबडीचे डोळे सरावतात, ती आत शिरते. इथे बाहेर दिवस आणि आत विहीर. ती कशाला पाय टाकेल? मग उंच जागा शोधते, आणि भिंत सापडते."

फ्यूजचा चेहरा उतरला. "म्हणजे त्या दोन माझ्यामुळे गेल्या."

"मांजरामुळे गेल्या. दिवा बंद करा. एखादा लहानसा आत, मागच्या बाजूला टांगा."

"नको," मावशी म्हणाल्या. "अंगणातला राहू दे."

"का?"

"राहू दे म्हणते ना."

"पायरीवर का आपटलात, मावशी?"

"पाय घसरला. मला दिसतं सगळं."

"मग बंद करायला हरकत नाही."

एक कोंबडी भिंतीकडे निघाली होती. तिचे पंख फडफडले तशा मावशी म्हणाल्या, "बंद कर रे."

अंगण काळोखलं. फ्यूज खुराड्यामागे वायर घेऊन बसला, आणि थोड्या वेळानं दारातून पिवळा उजेड जमिनीवर आला. तांबडी आधी शिरली. मग बाकीच्या, एकमेकींना ढकलत. कोंबडा शेवटी, जणू त्याचीच कल्पना होती.

"पोस्टमास्तर," मावशी म्हणाल्या, "जाता जाता व्यापाऱ्याला सांगा, गाडी आणू नको."

"आणि कडी?" बाईंनी विचारलं.

"ती मीच लावणार."

मावशी निघाल्या आणि मध्येच थांबल्या. पुढे केलेला पाय त्यांनी मागे घेतला.

"कुणीतरी हात द्या," त्या म्हणाल्या. "संध्याकाळचं मला दिसत नाही."

फ्यूज वायरीत गुंतला होता. कुणीतरी त्यांचा हात धरला. त्या बोटांची टोकं सुईनं खरखरीत झालेली होती. मावशींना कळलं, पण त्यांनी हात सोडवून घेतला नाही.

"डावीकडे पायरी आहे," शिंपी म्हणाला.

"माहीत आहे मला," मावशी म्हणाल्या, आणि त्याच्या हाताला धरून खाली उतरल्या. मग चाचपडत खुराड्याचं दार ओढून घेतलं आणि कडी लावली.