चोरवळणावरचा पहिला गिअर

ओंकारकाकाने त्या दिवशी गाडी न्यूट्रल केली होती का?

सगळं गाव म्हणायचं, केली होती. धारमाळच्या घाटात ही जुनीच खोड. उतार लागला रे लागला की गाडी न्यूट्रलला टाकायची (म्हणजे इंजिन आणि चाकं यांचा संबंध तोडायचा) आणि फुकटात खाली सुटायचं. तेवढंच इंधन वाचतं म्हणे! त्यातून ओंकारकाका पक्का चिकट, उसाच्या मळीच्या इंधनाचा थेंबन्‌थेंब जपणारा. त्यामुळे चोरवळणावर गाडी सुटली आणि काका दरीत गेला, तेव्हा कोणी डोकं खाजवलंच नाही. "न्यूट्रल केली असणार," म्हणाले आणि विषय संपवला.

पण बारा वर्षांच्या वैजयंतीने ती गाडी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. काका गेला आणि ती मेली गाडी करवंदीच्या जाळीत अडकून जेमतेम खरचटली होती. तिचा गिअरचा दांडा 'पुढे' या खुणेवर होता, न्यूट्रलवर नव्हताच. वैजूने तसं चार जणांना सांगितलं. चौघांनीही "हो गं बाळ" म्हणून तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिला त्या हातांचा असा राग आला!

याला महिना झाला. त्या महिन्यात गावही राहिलं नाही. डोंगराला भेगा पडल्या. उतारावर जागोजागी पुरलेले 'डोंगराचे कान' (मातीच्या आतली बारीक कुरकुर ऐकणारी यंत्रं) रोज धोक्याचा इशारा देऊ लागले. एकेक घर खालच्या छावणीत गेलं. नाना तेवढे हटून बसले. नाना म्हणजे वैजूचे आजोबा, जन्मभर यंत्रांवर संशोधन केलेला माणूस. "माझा ओंकार इथे गेला, मी कुठे जाऊ?" म्हणायचे. त्यांच्यासाठी आई थांबली आणि आईसाठी वैजू. बाबा दूर समुद्रावर, जहाजावर नोकरीला.

आणि परवा दरड कोसळली. चार्जिंगची खोली, विजेवरच्या गाड्या, गोठा, सगळं गेलं. स्वयंपाकघराची भिंत आईच्या पायावर आली.

आज आईच्या पोटरीवरची 'सांगती पट्टी' (जखमेत विष किती भिनलं ते रंग बदलून दाखवणारं बँडेज) नारिंगी झाली होती. आधी हिरवी होती. जांभळी झाली की संपलं. औषधं घेऊन आलेल्या ड्रोनमधून डॉक्टरबाईंचा आवाज आला, "आज अंधार पडायच्या आत त्यांना खाली आणा. वर पथक पाठवायला बंदी आहे, डोंगर कधीही सुटेल. आणि हा ड्रोन माणूस उचलू शकत नाही हो!" एवढं बोलून तो भुर्रकन उडून गेला. मग उरली ती शांतता. आईचं कण्हणं तेवढं मधूनमधून.

छपरीत दोन गाड्या उभ्या होत्या. दोन्ही 'सर्वभूमी' गाड्या, म्हणजे जाड चाकांच्या, मोटारसायकलसारखं हँडल असलेल्या, दगडधोंडे, चिखल, काहीही तुडवत जाणाऱ्या. एक ऑटोमॅटिक, ओंकारकाकाची, जाळीतून ओढून परत आणलेली. दुसरी हाताने गिअर बदलायची, नानांची जुनी. नाना त्या दोघींच्या मधे जमिनीवर बसले होते. गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांचा डावा हात मांडीवर नुसता पडून असायचा; पाय तेवढा वाचला होता.

"नाना, उठा ना! ऑटोमॅटिक काढू. तिला एक हात पुरतो."

नानांनी मान हलवली. "ती नको."

"मग दुसरी."

"ती मला चालवता येत नाही, पोरी. दोन्ही दारं बंद आहेत. मी सकाळपासून तेच बघत बसलोय."

वैजूला रडू फुटलं. रडता रडता ती ओरडली, "का नको ते तरी सांगा! काका तिच्यावरून गेला म्हणून? ती अपशकुनी आहे म्हणून? तुम्ही शास्त्रज्ञ ना!"

हा बाण बरोबर लागला. नानांनी तिच्याकडे पाहिलं, बऱ्याच दिवसांनी नीट पाहिलं. "दोन वाट्या आण," ते म्हणाले. "आणि एक रबरबँड."

आई तापाने फणफणली आहे आणि या म्हाताऱ्याला वाट्या सुचतायत! पण वैजू धावत गेली आणि ढिगाऱ्यातून दोन चेपलेल्या वाट्या घेऊन आली.

"बुडाला बूड लावून धर. मला एका हाताने जमायचं नाही. हं. आता मधल्या खाचेत रबर बसव. वाट्या एकमेकींवर दाब, रबराचं काय होतंय?"

"वर चढतंय. वेढा मोठा होतोय."

"आता वाट्या जरा लांब कर."

"खाली घसरलं. लहान झालं."

"हीच तुझी ऑटोमॅटिक. इंजिनाकडे वाट्यांची अशी एक जोडी, चाकांकडे दुसरी आणि दोन्हींवरून फिरणारा एक पट्टा. इंजिनाकडचा वेढा लहान असला की इंजिनाचे खूप फेरे होतात तेव्हा कुठे चाकाचा एक फेरा होतो. गाडी हळू जाते, पण जोर भरपूर. चढावर तेच हवं. वेढा मोठा झाला की जोर कमी, वेग जास्त. सपाटीवर ते बरं. जोर आणि वेग दोन्ही एकदम मिळत नाहीत, एक घ्यायचं तर दुसरं द्यावं लागतं. सगळ्या गिअरांचा खेळ एवढाच."

"पण वाट्या दाबतं कोण?"

"गोफण फिरवलीस की दगड बाहेर ओढ घेतो ना? तशी तिच्यात वजनं आहेत. इंजिन जोरात फिरलं की वजनं बाहेर पळतात आणि वाट्या दाबतात. इंजिन मंदावलं की वजनं आत येतात आणि स्प्रिंग वाट्या लांब करते. माणसाला काही करावं लागत नाही. फार हुशारीचं काम आहे ते, तिला वाईट म्हणू नकोस. दमलेल्या माणसाला, नवशिक्याला, माझ्यासारख्या लुळ्याला ती देवासारखी. मीच पसंत करून आणली, पठारावर चारा ओढायला."

"मग उतारावर काय होतं?"

नानांनी काकाच्या गाडीकडे पाहिलं. "उतारावर माणूस काय करतो? घाबरून वेग देणं बंद करतो. मग इंजिन?"

"मंदावतं."

"वजनं?"

"आत येतात. वाट्या..." वैजूने हातातल्या वाट्या लांब केल्या, आणखी लांब केल्या. रबर निसटून तिच्या मांडीवर पडलं.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "नाना, पट्टा सैल झाला. म्हणजे इंजिन आणि चाकं यांचा संबंधच तुटला. म्हणजे गाडीने आपणहून स्वतःला न्यूट्रल केलं?"

"हो."

"मग काकाने नव्हतं केलं!"

"नव्हतं केलं गं त्याने. त्याने बिचाऱ्याने फक्त वेग कमी केला. तेच करायला हवं असं कुणालाही वाटेल. नव्या गाड्यांत उतारावर पट्टा धरून ठेवणारा एक जादा भाग असतो. हिच्यात नाही. मला ते ठाऊक होतं, आणि हिला घेऊन उतरू नकोस एवढं सांगायचं माझ्या डोक्यात आलं नाही." नाना तोंडावर हात घेऊन रडायला लागले. आवाज न करता रडत होते, खांदे तेवढे हलत होते. वैजू त्यांना चिकटून बसली.

आतून आईने हाक मारली. वैजू जाऊन आली. पट्टीच्या एका कडेला जांभळी रेघ उमटली होती.

"नाना, आता दुसरीचं सांगा. लवकर."

"तिच्यात पट्टा नाही, पोलादी दातांची चाकं आहेत, दातात दात अडकलेली. वेग दे, नको देऊ, ती सुटत नाहीत. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे कितीतरी फेरे तेव्हा चाकाचा एक. आता हे उलटं बघ. उतारावर चाकाला एक फेरा जास्त घ्यायचा असेल तर त्याला अख्ख्या इंजिनाला तितके फेरे फिरवायला लागतील. आणि वेग दिलेला नसताना इंजिनाचं तोंड जवळजवळ मिटलेलं असतं. नाक चिमटीत धरून श्वास ओढून बघ."

वैजूने ओढून पाहिला. "ओढवतच नाही."

"इंजिनाचं तसंच होतं. ते फिरायला कुरकुरतं, आणि ती कुरकुर चाकांना धरून ठेवते. याला इंजिनाचा ब्रेक म्हणतात. खरा ब्रेक घासून तापतो, लांबच्या उतारावर दगा देतो. हा देत नाही. आणखी एक सांगतो. ऑटोमॅटिक गाडी इंजिनाचा वेग बघून ठरवते. म्हणजे जे होऊन गेलं ते तिला कळतं. पुढे चोरवळण आहे हे तिला कुठून कळणार? ते माणसाला दिसतं, म्हणून उताराच्या आधीच गिअर माणसाने निवडायचा."

"म्हणजे हिलाच न्यायचं!"

"अगं, पण क्लच!" नाना चिडून म्हणाले. (क्लच म्हणजे गिअर बदलताना इंजिन आणि चाकं यांना क्षणभर वेगळं करणारी दांडी.) "क्लच डाव्या हाताला आहे. आणि हा हात माझा असून नसल्यासारखा. हँडलही एका हाताने आवरायचं नाही."

वैजूने विचारलं, "उतारावर क्लच किती वेळा दाबायचा?"

"किती वेळा म्हणजे? पहिला गिअर टाकताना..." नाना बोलता बोलता थांबले. "एकदाच. इथे, सपाटीवर. मग खाली पोचेपर्यंत बदलायचाच नाही. अरे देवा! गाडी चालवायची म्हणजे गिअर बदलत राहायचं, हेच डोक्यात धरून बसलो मी."

"मी पुढे बसते. तुमचा डावा हात मी."

नानांचा एक मुलगा त्या वळणाने नेला होता. आता सून आणि नात दोघींना घेऊन तिथेच जायचं? पण आतून पुन्हा कण्हणं ऐकू आलं.

"एक वचन दे," ते म्हणाले. "खाली जाताना कितीही भीती वाटली तरी क्लच दाबायचा नाही. घाबरलेल्या माणसाला हाताला लागेल ते आवळावंसं वाटतं. तो आवळलास की आपण सुटलो. ओंकारसारखे."

आईला गोधडीत गुंडाळून मागच्या जाळीवर पक्कं बांधलं. शुद्धीवर होती तोवर ती म्हणत होती, "पोरीला नका नेऊ, नाना, पोरीला नका." मग तेही थांबलं. वैजू नानांच्या पुढ्यात टाकीवर बसली. नानांनी इंजिन सुरू केलं. तिने दोन्ही हातांनी क्लच आवळला. नानांनी डाव्या पायाने गिअर दाबला, खट्‌! "आता सोड. सावकाश. अजून सावकाश." गाडीने एक हिसका दिला आणि चालू लागली. वैजूने बोटं दांडीवरून काढून मुठीवर घट्ट धरली.

उतार सुरू झाला. इंजिन केकाटायला लागलं, कानठळ्या बसाव्यात इतकं. पण गाडी पळेना! जनावर खाली मान घालून जातं तशी एकेक पाऊल टाकत होती. उजवीकडे डोंगराच्या भेगा. डावीकडे काहीच नाही. नानांचा उजवा हात ब्रेकवर नुसता टेकलेला.

आणि चोरवळण आलं. करवंदीची मोडलेली जाळी तशीच होती. तिथे वाट एकदम खाली कोसळते. गाडीचं तोंड खाली झुकलं, आईचं वजन मागून रेटायला लागलं, दगड घरंगळले. वैजूची बोटं आपसूक क्लचकडे गेली. दांडी बोटांना लागलीसुद्धा.

"वैजू!" नाना ओरडले.

तिला नाही, पण तिच्या बोटांना मात्र खरंच वाटत होतं की आवळलं की गाडी थांबेल. काकालाही असंच वाटलं असेल, वेग सोडला की थांबेल. तिने डोळे मिटले नाहीत. बोटं परत मुठीवर आणली आणि मोठ्यांदा रडत ते हँडल नानांसोबत वळवलं. इंजिन केकाटलं, कुरकुरलं, पण चाकं त्याने सोडली नाहीत.

छावणीत पोचले तेव्हा अर्धी पट्टी जांभळी झाली होती. आईला धावतच आत नेलं. डॉक्टरबाई एवढंच म्हणाल्या, "वेळेत आणलंत. जगतील. पायाचं मात्र आत्ता काही सांगता येत नाही." नाना दाराशी भिंतीला टेकून बसले. वरून घुमल्यासारखा आवाज आला आणि सगळ्यांनी माना वर केल्या. डोंगर सुटला होता. गाव, छपरी, काकाची गाडी, सगळं धुळीत गेलं.

कोणीतरी चहा आणून दिला. गावचेच एक गृहस्थ वाकून म्हणाले, "बरं झालं नाना, तुम्ही ओंकारसारखी गाडी न्यूट्रल नाही केलीत."

वैजू उठून उभी राहिली.

"काकानेही नव्हती केली," ती म्हणाली.

"हो गं बाळ," म्हणून त्यांनी हात पुढे केला. वैजूने डोकं मागे घेतलं.

"नुसतं हो म्हणू नका. मला दोन वाट्या द्या आणि एक रबरबँड. आणि सगळ्यांना बोलवा, मी दाखवते."

वाट्या आल्या. एक तिने धरली. दुसरी तिच्या हातातून नानांनी आपल्या उजव्या हातात घेतली आणि बुडाला बूड लावलं. "दाखव," ते म्हणाले. "आणि झालं की तो जादा भाग कसा असतो ते मी चित्र काढून दाखवतो. घाटातल्या प्रत्येक जुन्या गाडीला आता आपण दोघांनी तो बसवायचाय."

माणसं भोवती जमायला लागली. वैजूने नाक पुसलं आणि खाचेत रबर बसवलं.