मागे बघ, बाबिर्ये!

वस्तीतली वीज गेली म्हणून नस्साली फोन चार्ज करायला व्हिडिओ हॉलमध्ये शिरली, आणि फसली. हॉलला जनरेटर होता. पडद्याशेजारी माइक धरून कवेसी बसला होता. परदेशी सिनेमा चालू असताना सगळ्या पात्रांच्या वतीने तिथल्या लुगांडा भाषेत बोलायचं, हे त्याचं काम. अख्खी बवाइसे वस्ती त्याला व्हीजे म्हणायची.

"तिथे उभी राहू नकोस," तो माइकवरूनच म्हणाला, "पडदा दिसत नाही... निदान मला तरी."

तेव्हापासून नस्साली रोज दुपारी अंड्याच्या चपात्यांची शेगडी आवरून हॉलमध्ये येऊ लागली. सिनेमा सुटला की दोघं रस्त्यापर्यंत चालत जायची.

"माणसं एवढी घाबरतात कशाला रे?"

"खुनी आपल्याला दिसतो आणि तिला दिसत नाही, म्हणून. मी फक्त गप्प बसतो... दार उघडायला जरा उशीर लावतो."

"उशीर लावण्यात तुझा हात कोण धरणार!" ती त्याच्याकडे न बघता म्हणायची.

सगळं गोड होतं, पण एक खडा दाताखाली यायचाच. कवेसी पात्रांना वस्तीतली नावं द्यायचा. पोलीस म्हणजे लुब्वामा खाटीक, आणि नायिका प्रत्येक वेळी बाबिर्ये! ही बाबिर्ये शिंपीण पहिल्या बाकावर नटूनथटून बसायची. "बाबिर्ये, मागे बघ!" असं तो ओरडला की हॉल किंचाळायचा आणि नस्सालीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कधीकधी तर तिला खुन्याचीच बाजू घ्यावीशी वाटे.

"तिच्याशीच लग्न कर ना!" एके दिवशी ती भडकलीच.

"अगं, नुसतं नाव आहे."

"मग माझं का नाही? मी खून व्हायच्याही लायकीची नाही का?"

"ते नको मागूस, नस्साली—"

"उद्या माझं नाव! नाहीतर मी या हॉलची पायरी चढणार नाही."

दुसऱ्या दिवशी नायिका नस्साली झाली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. नस्सालीने बाबिर्येकडे मान वेळावून पाहिलं. पडद्यावरची नस्साली रिकाम्या घरात शिरली. दारामागे सुरा चमकला. हॉलने श्वास रोखला. कवेसी गप्प झाला.

"नस्साली..." त्याचा आवाज कापला. "आत नको— अहो, घाबरू नका! तिला काही होत नाही! खुनी तिचा दीर आहे, तो पुलावरून पडतो, आणि ती... ती सुखरूप घरी जाते!"

क्षणभर कुणाला काही कळेना. मग बाकं आपटली जाऊ लागली. शेवट फोडणारा व्हीजे बवाइसेने कधी पाहिला नव्हता.

"अरे, घात केलास!" लुब्वामा ओरडला.

बाबिर्ये उठून उभी राहिली. "सहा महिने मला मारतोयस. भोसकलंस, बुडवलंस, गच्चीवरून ढकललंस. एकदा तरी आवाज कापला का रे तुझा?"

ती तरातरा निघून गेली. तिच्या आवाजातली जळजळ नस्सालीने लगेच ओळखली. कालपर्यंत ती तिच्या स्वतःच्याच पोटात होती.

"मला नाही बघवत," कवेसी पुटपुटला. "खोटं असलं तरी, तुला कुणी..." माइक चालूच होता.

नस्साली पुढे गेली आणि तिने माइक बंद केला.

"आता पुढचं," ती म्हणाली, "मला एकटीला सांग."