रबराच्या झाडावरची घोंगडी

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाही तर सोडून द्या.

औंढा नागनाथजवळच्या आमच्या गावात, १९४१ च्या पौषात घडलेली. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ मसाजी तेव्हा जमीनदार तातेरावांच्या बंगल्यावर माळी होते.

तातेरावांनी हैदराबादहून रबराचं झाड आणलं होतं. ना फूल, ना फळ. नुसती तेल चोपडल्यासारखी चकचकीत मोठी पानं. आठवड्यानं निजामाचे तालुकदारसाहेब, म्हणजे जिल्ह्याचे कलेक्टर, येणार होते, त्यांना दाखवायला.

पण झाड उष्ण, दमट मुलखातलं. आमच्या थंडीनं रोज एक पान काळं पडून गळू लागलं.

"झाड मेलं तर तुझी कातडी सोलीन," तातेराव म्हणाले. हा माणूस नुसत्या धमक्या देत नसे.

त्यातच भुजंग मेंढक्याच्या शेळीनं तीन पानं खाल्ली.

तातेरावांनी कुऱ्हाडीचा दांडा उचलला. "मसाजी, धर याचे हात."

मसाजींनी धरले. पाठीमागं ओढून, घट्ट.

"भाऊ, सोडा की," भुजंग म्हणाला.

मग दांडा डोक्यात बसत राहिला. रक्त मसाजींच्या तोंडावर उडालं. भुजंग ढिला पडला, तरी मसाजींची मूठ सुटेना.

विहिरीत पडून मेला, असं गावाला सांगितलं. त्याची जाड घोंगडी तातेरावांनी मसाजींकडं फेकली. "झाडाला गुंडाळ."

संध्याकाळी भुजंगची बायको सिंधूबाई आली.

"मसाजीभाऊ, आमच्या मालकाची घोंगडी कुठं हाय? आमच्यात ती मेलेल्या माणसासंगंच देत्यात."

"मला ठाव न्हाई," मसाजी म्हणाले. स्वतःची कातडी कुणाला प्यारी नसते?

दुसऱ्या दिवशी पान गळलं नाही.

तिसऱ्या दिवशी घोंगडीच्या आतून... कुणीतरी खोकलं.

खोकला भुजंगचा होता.

तालुकदार यायच्या दिवशी, भर दुपारी, तातेराव स्वतः घोंगडी सोडायला गेले. गाठ सुटेना म्हणून हात आत घातला...

हात बाहेर येईना.

मग खांदा आत गेला. मग डोकं.

आतून आवाज येऊ लागला. थड... थड... लाकूड हाडावर बसल्याचा.

"मसाजी, ओढ मला!"

मसाजी धावणार, तोच त्यांचे दोन्ही हात पाठीमागं ओढले गेले. घट्ट.

त्यांनी मान वळवून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं.

आवाज थांबेपर्यंत त्यांना सगळं बघावं लागलं. तातेराव बाहेर पडले तेव्हा चेहरा ओळखू येत नव्हता. झाडाच्या एका पानालाही ओरखडा नव्हता. तालुकदारांनी पंचनामा केला, मारणारा काही सापडला नाही.

मसाजी घोंगडी घेऊन सिंधूबाईकडं गेले.

"आता काहून आणली?" ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

मसाजी पुढं म्हातारे होऊन अंथरुणात गेले. तिरडीवर ठेवताना त्यांचे दोन्ही हात पाठीमागं वळलेले होते. चौघांनी जोर लावून ओढले. पुढं आले नाहीत.

त्या चौघांत माझे वडील होते. मागून कुणीतरी धरून ठेवलं होतं, एवढंच ते सांगतात. पुढं विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.